बलून नंबरवर खरेदी करू नका



या आठवड्याचा व्हिडिओ पिव्होट टेबलवर आहे. एक्सेलमध्ये काय दाबायचं ते व्हिडिओत बघाच. पण ते का करायचं, यावर माझं एक ठाम मत आहे, ते इथे लिहितोय.

ड्रॉईंगवरची पार्ट लिस्ट ही फिटरसाठी असते. खरेदीची यादी वेगळी. एकाच यादीवर दोन्ही कामं भागवायला गेलं की पैसे जातात. माझे गेलेत, म्हणून सांगतो.

आमच्याकडे पाच कन्व्हेयरची ऑर्डर होती. तीन छोटे, दोन मोठे. छोट्याचा शाफ्ट २० मिमी, म्हणजे बेअरिंग ब्लॉक यूसीपी २०४. मोठ्याचा २५ मिमी, म्हणजे यूसीपी २०५. प्रत्येक कन्व्हेयरला ४ ब्लॉक. ड्रॉईंग दोन वेगळी, पण दोन्हींत बेअरिंग ब्लॉकचा बलून नंबर नेमका ७. मी छोट्याचं ड्रॉईंग समोर ठेवून फोनवर सांगून मोकळा झालो, "सात नंबर, वीस नग." आले वीसच्या वीस यूसीपी २०४! हवे होते १२ आणि ८. बुधवारी संध्याकाळी फिटरने मोठ्या कन्व्हेयरला हात घातला तेव्हा कळलं, ब्लॉक शाफ्टवर चढतच नाही. गुरुवारी सुट्टी. दोन मोठी मशीन उभी, आणि आठ ब्लॉक आजही माझ्या रॅकवर आहेत.

चूक सप्लायरची नाही, ड्राफ्ट्समनचीही नाही. चूक माझी, कारण मी बलून नंबरला पार्ट नंबर समजलो.

बलून नंबर हा त्या एका ड्रॉईंगपुरता असतो. त्याचं काम एवढंच, की फिटरने चित्रातला भाग बघावा आणि तक्त्यात त्याची ओळ सापडावी. दुसऱ्या ड्रॉईंगमध्ये तोच भाग ३ नंबरला असेल, तिसऱ्यात ११ ला. मधे एक भाग वाढला की पुढचे सगळे नंबर सरकू शकतात. पार्ट नंबर मात्र भागाचा स्वतःचा. भाग कुठल्याही असेंब्लीत जावो, नंबर तोच. आधार कार्डासारखा. म्हणून प्रत्येक तक्त्यात दोन्ही रकाने हवेत, आणि खरेदीशी बोलताना फक्त पार्ट नंबर.

दुसरी गडबड नगांची. एकजण तीन मशीनचे मिळून ७२ बोल्ट ड्रॉईंगवर लिहितो, दुसरा एका मशीनचे ३२. दोन्ही तक्ते समोर आले की खरेदीवाल्याने गुणायचं की नाही? आमच्याकडे आता नियम आहे. ड्रॉईंगवर नेहमी एकाच असेंब्लीचे नग. किती मशीन करायची ते फक्त एक्सेलमध्ये. म्हणजे छोट्याला २४ बोल्ट, गुणिले ३, ७२. मोठ्याला ३२, गुणिले २, ६४. एकूण १३६. उद्या तेच ड्रॉईंग दहा मशीनसाठी निघालं तरी त्याला हात लावावा लागत नाही.

तिसरी गोष्ट सबअसेंब्लीची, इथे भलेभले फसतात. सॉलिडवर्क्समध्ये यादी काढताना 'टॉप लेव्हल ओन्ली' निवडलं तर ड्रम असेंब्ली ही एकच ओळ येते, आतले बेअरिंग आणि बोल्ट दिसतच नाहीत. 'इन्डेन्टेड' निवडलं तर असेंब्ली आणि तिचे भाग दोन्ही येतात. फिटरला ते छान, पण तीच यादी पिव्होटला दिली तर तयार असेंब्लीही मोजली जाते आणि तिचे भागही. खरेदीसाठी 'पार्ट्स ओन्ली' काढा. इन्व्हेंटरमध्येही 'स्ट्रक्चर्ड' आणि 'पार्ट्स ओन्ली' असे दोन पर्याय आहेत.

ऑटोकॅडवाल्यांनी निराश होऊ नये. बलूनचाच ब्लॉक बनवा, त्यात पार्ट नंबर, वर्णन आणि नग ही अ‍ॅट्रिब्यूट ठेवा. मग डेटा एक्स्ट्रॅक्शनने एका वेळी अनेक ड्रॉईंगमधली माहिती थेट एक्सेलमध्ये काढता येते, कुठली ओळ कुठल्या फाईलमधली तेही कळतं. भागाच्या चित्राचा ब्लॉक मोजू नका. तोच भाग तीन व्ह्यूमध्ये काढला असेल तर तीनदा मोजला जाईल. बलूनही एका भागाला एकदाच द्या.

एवढं झालं की एक्सेलमध्ये सगळ्या याद्या एकाखाली एक, शेजारी मशीनची संख्या, गुणाकाराचा रकाना आणि वर पिव्होट. प्रत्येक पार्ट नंबरची एकच ओळ, एकूण नगांसकट. हीच खरेदीची यादी. ती ड्रॉईंगवर परत चिकटवू नका. ऑर्डर बदलली की ती बदलणार, आणि जुनं प्रिंट मात्र कुणाच्या तरी टेबलावर पडून राहणार.

काहीजण म्हणतात, पाच माणसांच्या वर्कशॉपला एवढं कशाला? सगळं आमच्या डोक्यात असतं. मला उलट वाटतं. मोठ्या कंपनीत एक चुकला तर पकडायला चारजण असतात. आपल्याकडे डोकं एकच, आणि ते डोकं एक दिवस लग्नाला गावी जातं किंवा दुसरीकडे नोकरी धरतं. आणि महागडं सॉफ्टवेअर आणल्यावर बघू, असं म्हणणाऱ्यांना एकच सांगणं. पार्ट नंबर नसतील तर त्या सॉफ्टवेअरमध्ये भरणार काय?

मी इंजिनिअर नाही, बीबीए केलंय. त्यामुळे मला पार्ट लिस्टमध्ये भाग कमी आणि रॅकवर अडकलेला पैसा जास्त दिसतो. आज फक्त एक करा. तुमची चालू ऑर्डर घ्या, तिच्यातली दोन ड्रॉईंग शेजारी ठेवा आणि ७ नंबरला काय आहे ते बघा. वेगवेगळं निघालं, तर आजच सगळ्या भागांना पार्ट नंबर द्यायला बसा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.