दिवा त्याचा, बटण कुणाचं?

हल्ली आपल्या छोट्या गावांतल्या घरांतसुद्धा एक नवा दिवा दिसायला लागलाय. शेजारी तीन मजली इमारत उभी राहते आणि आपल्या गॅलरीतलं ऊन जातं. ऊन गेलं की कढीपत्ता रुसतो, मिरचीची रोपं काटकुळी होऊन उजेडाकडे माना लांबवतात. मग घरातला एखादा हौशी मुलगा एलईडीच्या पट्ट्या आणतो, त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवतो, १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जोडतो आणि ते सगळं कुंड्यांवर टांगतो. झाला ग्रो लाइट तयार! येणारे-जाणारे थांबून बघतात. ‘तुमच्या मुलानं केला? हुशार आहे हो!’ कौतुक करावं असंच काम आहे, त्यात वाद नाही.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. हा दिवा रोज सकाळी लावायचा कुणी आणि रात्री बंद करायचा कुणी?

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, मैत्रिणींनो. दूध तापवणं, पाण्याची मोटर लावणं, नळ आला की पिंप भरणं, सासऱ्यांच्या गोळ्या, मुलांचे डबे, या यादीत आणखी एक ओळ वाढते. दिवा करणारा कॉलेजला जातो आणि संध्याकाळी येऊन विचारतो, ‘आई, दिवा लावला होतास ना?’ आमच्या बचत गटातल्या काही जणी पावसाळ्यात अशाच दिव्याखाली मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं करून विकतात. चार पैसे मिळतात, ते त्यांच्या हातात राहतात. पण दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला चला म्हटलं की त्यांतली एकजण हमखास म्हणते, ‘ताई, मी आले तर दिव्याचं कोण बघणार?’ कमाईचं साधनच असं पायात बेडी होऊन बसलं तर काय उपयोग?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, घरी केलेल्या या दिव्याला टायमर आणि हाताशी येणारं बटण लागलं नाही, तोवर तो दिवा पुरा झालेला नाही. नुसता उजेड पडला म्हणजे काम संपलं, असं दिवा करणाऱ्यानं समजू नये.

‘मग चोवीस तास चालूच ठेवू या की,’ असंही काहीजणी म्हणतात. तसं करू नका. झाडांनाही रात्र लागते. वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड या अमेरिकेच्या शेती खात्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडाचं फुलणं ठरतं, हे दाखवून दिलं. आपल्या शेवंतीचंच बघा ना. तिला कळ्या धरायला लांब रात्र हवी. रात्रभर डोक्यावर दिवा जळत राहिला तर ती नुसती पानंच काढत बसेल. पालकाचं उलट. त्याला दिवस फार लांब झाला की तो तुऱ्यावर जातो आणि मग भाजीला काही राहत नाही. टोमॅटोच्या रोपांना तर अखंड उजेड सोसतच नाही, पानं पिवळी पडायला लागतात. साधारणपणे रोपांना १४ ते १६ तास उजेड पुरतो, पालकाला दहा-बारा तासच ठेवावा.

शिवाय बिल आहेच. २० वॅटचा एक दिवा महिनाभर रात्रंदिवस जळला तर १४.४ युनिट होतात. तोच रोज १४ तास चालला तर ८.४. म्हणजे एका दिव्यामागे महिन्याला सहा युनिट वाचले. गटाकडे असे चार दिवे असतील तर चोवीस. आपल्या बिलावरचा दर बघून गुणाकार तुम्हीच करा.

टायमर म्हणजे काही मोठी भानगड नाही. बोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचायचे टायमर काही शे रुपयांत विजेच्या दुकानात मिळतात. त्यातल्या साध्या प्रकारावर एक गोल तबकडी असते आणि तिच्या कडेला छोट्या छोट्या पिना. पंधरा मिनिटांची एक, अशा दिवसाच्या ९६. जेवढा वेळ दिवा हवा तेवढ्या पिना दाबायच्या, तबकडी फिरवून आताची वेळ बाणासमोर आणायची आणि अ‍ॅडॅप्टर टायमरमध्ये लावायचा. बाजूला एक बारीक खटका असतो. तो घड्याळाच्या चित्राकडे असला तरच टायमर काम करतो, दुसरीकडे असला तर दिवा सदोदित चालू. ‘टायमर बिघडला’ म्हणून लोक दुकानात परत घेऊन येतात, तेव्हा पुष्कळदा हा खटकाच सरकलेला असतो.

पण घेण्याआधी आपल्या गावची वीज आठवा! ही तबकडी विजेवरच फिरते. दोन तास वीज गेली की ती दोन तास मागे पडते. आठवड्यातून चारदा असं झालं की सकाळी सहाचा दिवा दुपारी दोनला लागायला लागतो आणि मध्यरात्रीनंतरही जळत राहतो. जिथे वीज वरचेवर जाते तिथे आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. वीज गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं. त्याची बटणं लावताना पहिल्यांदा डोकं थोडं फिरतं, पण मोबाइल शिकलो तसं हेही येतं.

आता बटणाचं. टायमर आहे मग वेगळं बटण कशाला? कारण टायमरनं विझलेला दिवा म्हणजे बंद केलेला दिवा नव्हे. आपण ओल्या हातानं कुंड्या सरकवत असताना त्याची वेळ झाली की तो आपोआप लागणार. म्हणून पाणी घालण्याआधी, पट्टी पुसण्याआधी आपल्या हातानं बटण बंद करायचं आणि प्लग काढायचा. प्लग काढायलाही कारण आहे. आपला दोन पिनांचा प्लग कसाही उलटसुलट बसतो. वायरच्या मध्ये बेडलॅम्पसारखं छोटं बटण जोडलेलं असेल तर ते कधी फेज तोडतं, कधी नुसता न्यूट्रल. दुसऱ्या वेळी दिवा विझलेला दिसतो, पण अ‍ॅडॅप्टरपर्यंतच्या वायरमध्ये वीज असतेच. पट्टीतल्या १२ व्होल्टांना फार भ्यायचं कारण नाही, धोका आहे तो अ‍ॅडॅप्टरच्या अलीकडच्या २३० व्होल्टांचा.

म्हणून बोर्डावरचंच बटण वापरा, आणि ते फ्रिजच्या मागे किंवा खुर्चीवर चढून दाबावं लागेल असं नको. टायमर कुंड्यांच्या वर, पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब. वायर सॉकेटच्या खाली थोडी लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. अ‍ॅडॅप्टर बंद डब्यात कोंबू नका, तो तापतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर दिव्याआधी तो बसवून घ्या. धक्का लागण्यासारखी गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो.

हे सगळं ऐकून कुणीतरी म्हणणारच, ‘विजेच्या कामात बायकांनी पडू नये.’ मला याची गंमत वाटते. मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन दिवसभर ओल्या हातांनी आम्हीच चालवतो, तेव्हा ते विजेचं काम नसतं! आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे, आणि घरातल्या बाईनं टायमरच्या पिना दाबायच्या नाहीत? भिंतीतलं वायरिंग, नवा सॉकेट, आरसीसीबी ही कामं परवाना असलेल्या वायरमनचीच, तिथे हौस नको. पण तो आला की स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. बाजूला उभ्या राहा, कुठलं बटण कशाचं ते विचारा, फेज कुठली ते बघून घ्या. चहा त्या दिवशी दुसरं कुणीतरी करील.

आणि दिवे बनवणाऱ्या मुलांनो, टायमर आणाल तेव्हा तो परस्पर बसवून मोकळे होऊ नका. रविवारी दुपारी आईला शेजारी बसवा आणि पिना तिला दाबू द्या. बोर्डाशेजारी एक चिठ्ठी चिकटवा, दिवा किती वाजता लागतो, किती वाजता विझतो, मुख्य बटण कुठलं. अक्षर मोठं काढा, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल असं.