पडद्यावरचा बचावपटू

संगणकावर फुटबॉल खेळताना तुमच्यापैकी अनेकांनी तक्रार केली असेल, की पडद्यावरचे बचावपटू अगदीच मठ्ठ आहेत. चेंडू शेजारून जातो आणि हे ढिम्म! मग कोणीतरी खेळाच्या फायलीतले आकडे बदलतो. 'ही तर लबाडी' असे म्हणून शिक्षक मोकळे होतात. मला हे निम्मेच पटते. दुसऱ्याशी सामना लावून गुपचूप आकडे बदलणे ही लबाडीच. पण काय घडते ते पाहण्यासाठी बदलणे हा प्रयोग आहे, आणि तो आपल्या जळगाव-धुळ्याच्या शाळांतील संगणक-कक्षात खुशाल व्हावा.

बचावपटूच्या डोक्यात असते तरी काय? रोबोकप स्पर्धेच्या एका विभागात खरे यंत्रमानव नसतात. संगणकातले अकरा गडी संगणकातल्याच अकरांशी खेळतात. 2003 साली तेथे ॲमस्टरडॅम विद्यापीठाचा संघ जिंकला. त्यातील गड्याला एक मूळ जागा असे आणि चेंडूकडे किती ओढले जायचे, याचा एक गुणक. समजा, मैदानाचा मध्य शून्य, आपला गोल उणे 52.5 मीटरवर, बचावपटूची मूळ जागा उणे 30 वर आणि चेंडू अधिक 20 वर आहे. (हे आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले.) गुणक 0.1 असेल तर 0.1 × 20 = 2, म्हणजे गडी उणे 28 वर उभा राहील. गुणक 0.6 केला की तोच उणे 18 वर येईल. चेंडू लवकर अडेल खरा. पण पाठीमागची मोकळी जागा 24.5 मीटरांवरून 34.5 मीटर झाली, त्याचे काय? कबड्डीत कोपऱ्यावरचा गडी शेजाऱ्याचा हात सोडून एकटाच चढाईपटूवर धावला, तर काय होते, हे खानदेशातल्या मुलांना सांगायला नको.

दुसरा आकडा विलंबाचा. आघाडीचा खेळाडू सेकंदाला 8 मीटर धावतो असे धरा. बचावपटू 0.2 सेकंद उशिरा हलला तर 1.6 मीटर मागे पडतो, 0.5 सेकंद उशिरा हलला तर 4 मीटर. त्याचे पाय तेवढेच वेगवान, तरी चेंडू गेला!

खऱ्या मैदानावरही असे घडले आहे. 1925 साली ऑफसाइडच्या नियमातील 'तीन प्रतिस्पर्धी' हा आकडा 'दोन' केला गेला. इंग्लंडच्या लीगमध्ये आदल्या हंगामात 4700 गोल झाले होते, पुढच्या हंगामात 6373 झाले. मग संघांनी मधल्या फळीतला एक गडी मागे बचावात ओढला.

तेव्हा शिक्षकांनी मुलांकडून खेळ नव्हे, वही मागावी. एका वेळी एकच आकडा बदला. लंबकाच्या प्रयोगात आपण दोरी आणि गोळा एकदम बदलत नाही. दहा सामने जुन्या आकड्यावर, दहा नव्यावर, आणि खाल्लेल्या गोलांची नोंद. बारांचे नऊ झाले म्हणून लगेच नाचू नका; जुन्याच आकड्यावर आणखी दहा सामने खेळून तिथेही किती फरक पडतो ते आधी पाहा.

बाजारातल्या खेळांची आज्ञावली बहुधा कुलूपबंद असते. रोबोकपचे संगणकी मैदान मात्र फुकट मिळते, आणि ॲमस्टरडॅमच्या त्या संघाने आपल्या आज्ञावलीचा पायाभूत भागही सर्वांसाठी खुला केला होता. बारावीचा विद्यार्थी धडपड करून तो वाचू शकेल, असे मला वाटते.