चुली दोन, सातबारा एक

'डिस्फंक्शनल फॅमिली' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला ऑफिसच्या लंच टेबलवर, कुठल्याशा अमेरिकन सीरियलवरून. आमच्या पाटणकडे एवढा जड शब्द लागत नाही. 'चुली वेगळ्या झाल्या' म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. कोण कुणाच्या लग्नाला गेलं नाही, बांधावरचं झाड कुणी तोडलं, सगळं!

म्हणूनच आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) मी पुन्हा पुन्हा वाचतो. कागलचा आनंदा आणि त्याला शाळेतून काढून शेताला जुंपणारा बाप. आपण वाचता वाचता बापाला शिव्या घालतो. पण खरी गंमत पुढे आहे. आई आणि पोरगा गुपचूप दत्ताजीराव देसायांकडे जातात, वर 'आम्ही आलो होतो हे सांगू नका' म्हणून विनवतात. देसाई बापाला बोलावून झापतात, पोरगं पुन्हा शाळेत! म्हणजे बघा, बापाशी सरळ बोलायची घरात एकाचीही टाप नाही. त्याला त्याच्याहून मोठा माणूसच लागतो. आपल्याकडचं फॅमिली काउन्सेलिंग म्हणतात ते हेच, बॉस.

उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक तर एकटीच्या खांद्यावर घर ओढते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) शिकूनही नोकरी नसलेला एकनाथ आणि त्याची बायको अलका रोज एकमेकांना बोचतात. (ही जरा लांबलीय, पण सोडू नका.) यातलं कुणी स्वभावानं दुष्ट नाही. पैसा नाही, पाऊस नाही, आणि राग काढायला घरचीच माणसं.

माझे वडील आणि काका अकरा वर्षं बोललेले नाहीत. काका मुंबईला माथाडी. आमच्याकडची कितीतरी माणसं त्या कामाला गेली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटीलही आमच्याच तालुक्यातले. वडील शेतावर राहिले. पैसा एकाचा, घाम दुसऱ्याचा, वाटणीत हिशेब लावायचा कसा? आजी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. या घरात देसाई कुणी व्हायचं?

दिवाळीत 'झोंबी' वडिलांना देऊन आलो. नंतर फोनवर विचारलं, तर म्हणाले, "बापाचंबी काय चुकलं? उसाला पाणी कुणी पाजायचं?" पुस्तक परत मागितलं, तर सापडत नाही म्हणाले.

आईकडून कळलं, आजी काकांकडे राहायला गेली तेव्हा ते तिच्या पिशवीत होतं. आजीला वाचता येत नाही.