लाटंबार्सेची परदेशी मुलगी

माझी मावसबहीण लाटंबार्सेची. तिची सगळी शाळा डिचोली तालुक्यातच झाली आणि बारावीची गुणपत्रिका गोवा बोर्डाची आहे. गेल्या वर्षी ती माझ्या शेजारी बसून नीटचा अर्ज भरत होती. नाव, जन्मतारीख भरून झाली आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी ती अडली. भारतीय, एनआरआय, ओसीआय, परदेशी. तिने माझ्याकडे बघितलं, "सांग गो, मी ह्यातली कोण?"

आपल्या कॉलेजात ह्या प्रश्नाचं उत्तर पटकन देतील अशी बरीच मुलं असतील. आजीचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात झाला, म्हणून पोर्तुगालच्या कायद्याने घराला पोर्तुगीज नागरिकत्वाचा दरवाजा उघडा आहे. काकांनी पासपोर्ट केला, इंग्लंडला कामाला गेले, मागोमाग मुलांचेही कागद केले. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून मुलांची ओसीआय कार्डं काढली. राहणं तेच, घर तेच, अंगणातला फणसही तोच.

पण ४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने अधिसूचना काढली. नीट, जेईई मेन यांसारख्या अखिल भारतीय परीक्षांतून होणाऱ्या प्रवेशात ओसीआयधारकाला एनआरआय किंवा जादा (सुपरन्यूमररी) जागांवरच हक्क सांगता येईल, फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर नाही. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचना वैध ठरवली, मात्र हा नियम ४ मार्च २०२१ नंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू होईल असं सांगितलं. माझ्या मावसभावाचं कार्ड २०१९ चं, बहिणीचं २०२२ चं. एकाच घरातली, एकाच शाळेत शिकलेली दोन भावंडं. दादा भारतीयांच्या जागेवर हक्क सांगू शकतो, ती नाही.

मग तिने इंग्लंडला शिकावं, असं काहीजण सहज सांगतात. ब्रेक्झिटनंतर, २०२१-२२ पासून, युरोपीय पासपोर्ट असून नव्याने तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही इंग्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय फी लागते. स्थानिक फीसाठी साधारणपणे आधीची तीन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. ती कधीच राहिली नाही. राहिला पोर्तुगाल. तिथे पोर्तुगीज नागरिक म्हणून ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ठरत नाही. पण पदवीचे बहुतेक वर्ग पोर्तुगीजमध्ये, आणि तिला येतं 'ओब्रिगादो' एवढंच. जिथे कागद चालतो तिथे भाषा अडते, आणि जिथे भाषा चालते तिथे कागद.

गोंयकाराला हे नवीन नाही. १९६१ पूर्वी गोव्यात १८४२ पासूनची वैद्यकीय शाळा होती, पण विद्यापीठ नव्हतं. शिकायला मुंबई, धारवाड, बेळगाव गाठायचं आणि तिथे पोर्तुगीज प्रजा म्हणून ओळखलं जायचं. पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही कॉलेजं निघाली १९६२ साली, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. गोवा विद्यापीठ आलं १९८५ मध्ये. आमच्या गावाजवळची दोडामार्गची हद्द तेव्हा दोन देशांमधली होती. आज ती दोन राज्यांमधली आहे आणि लोक बाजाराला म्हणून ती ओलांडतात.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये परत. त्यांनी पासपोर्ट केला नाही. ती मला सरळ म्हणाली, "परदेशाचे फायदेपण घेतले, आणि इथली सीटपण तुम्हालाच?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. डॉक्टरकीच्या मोजक्या जागा ह्या देशाच्या नागरिकांना आधी मिळाव्यात, हे मला मान्य आहे. मावशीच्या घरी हे बोलले तेव्हा कोणाला आवडलं नाही, तरी मान्य आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. प्रवेशाच्या अटी दोन जातीच्या असतात. एक शिक्षणाची. परदेशी बोर्डातून आलेल्याचं शिक्षण आपल्या बारावीच्या बरोबरीचं आहे का, हे तपासायलाच हवं. त्यासाठी समकक्षता प्रमाणपत्र असतं. दुसरी अट पासपोर्टची. यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणजे ज्याच्याकडे परदेशी पासपोर्ट आहे तो. त्यांच्यासाठी मंजूर जागांच्या वर २५ टक्क्यांपर्यंत जादा जागा ठेवता येतात. म्हणजे लिस्बनहून एका सत्रापुरता येणारा पाहुणा विद्यार्थी आणि लाटंबार्सेहून बसने येणारी माझी बहीण एकाच रकान्यात! पाहुण्याला निवास, भाषा, समकक्षता ह्यांत मदत हवी. तिला ह्यातलं काहीच नको. तिला हवं आहे की बी.ए., बी.एस्सी.सारख्या साध्या पदवीला, जिथे ही अखिल भारतीय परीक्षा मध्ये येत नाही, तिथे गोवा बोर्डाची गुणपत्रिका आणि इथला रहिवास पुरेसा मानावा, फी स्थानिक घ्यावी. जादा जागेवर घेतलं तर खाणवाल्या मैत्रिणीची जागाही जात नाही. हे मी तिला नंतर सांगितलं. "हां, ते चालेल," म्हणाली.

दुसरी गोष्ट माहितीची. कागद करून देणाऱ्या माणसाने काकांना किती पैसे लागतील, किती महिने जातील, सगळं सांगितलं. नीटचं कोणी सांगितलं नाही. २०२२ मध्ये ती शाळेत होती, निर्णय मोठ्यांनी घेतला. शाळेच्या पालकसभेत नववीलाच कोणीतरी हे दहा मिनिटं बोललं असतं, तर काकांनी निदान विचार केला असता.

म्हणून आपल्या मंडळाला एक सुचवते. आपण मराठी-इंग्रजी दोन्ही जाणतो. मे-जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी फाटकाजवळ एक टेबल लावूया. माहितीपुस्तिकेतलं ओसीआय, परदेशी आणि परराज्यातल्या विद्यार्थ्यांचं पान सोप्या मराठीत आणि कोंकणीत लिहून ठेवूया. दोडामार्गच्या मुलांनाही मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी ते उपयोगी पडेल. भाषांतराचं काम मी करीन. तपासायला कोणीतरी हवं.

बहिणीने त्या दिवशी 'ओसीआय' वर टिचकी मारली आणि अर्ज पुरा केला. एनआरआय जागेची फी घरात कोणाला परवडणारी नव्हती. सध्या ती बी.एस्सी. करते. परवा फोनवर विचारत होती, की अठरा पूर्ण झाली, आता भारतीय नागरिकत्व परत मागायचं तर अर्ज कुठे मिळतो.