दुखणं तिचं, दुखणं त्याचं

नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी सगळ्यांची अभ्यंगस्नानं व्हायची, तर घरातल्या बाईला त्याच्याही आधी उठावं लागतं. आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार असलेल्या बाईला नेमकी हीच वेळ सर्वांत जड जाते. पहाटे सांधे आखडलेले असतात. बोटं मोकळी व्हायला तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. तेलाच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, सोऱ्या फिरवताना मनगटात कळ येते. हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना होतो. तरी चकल्या होतात, उटणं कालवलं जातं, आणि ‘यंदा थोडंच केलं हं’ असं तीच ओशाळून सांगते. दुखणं अंगावर काढणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की घरालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. ती आजारी पडली की हा भार मुलीकडे जातो, सुनेकडे जातो, किंवा गोळी घेऊन तीच उचलते.

पुरुषाच्या आजारपणाने घर वेगळ्या तऱ्हेने हादरतं. मूत्रपिंडं निकामी झालेला चाळिशीतला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास डायलिसिसला जातो. नोकरी टिकत नाही. दाराची बेल वाजली की तो आतल्या खोलीत जाऊन बसतो, कारण आलेला माणूस ‘सध्या काय करता?’ हेच आधी विचारणार. ही घुसमट खरी आहे आणि ती आपण ऐकून घेत नाही. ज्याला लहानपणापासून फक्त कमवायला शिकवलं, त्याने घरी बसून करायचं तरी काय?

बायको डबे करून देते, औषधांचा हिशेब ठेवते, आणि पुष्कळदा मूत्रपिंडही तीच देते. २०२३च्या राष्ट्रीय नोंदींनुसार जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. अवयव मिळालेल्यांत मात्र पुरुषच कितीतरी जास्त. काही आजार पुरुषांना अधिक होतात हे खरं, पण तेवढ्याने ही तफावत भरून निघते असं मला वाटत नाही. ‘तो घरातला करता आहे’ हा विचार त्यामागे असतोच.

या अंकाचा विशेष विभाग दीर्घ आजारासह जगणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी लिहिला आहे. पुरुषांना आम्ही मुद्दाम विचारलं: बायको आजारी पडल्यावर घरातलं कोणतं काम तुमच्याकडे आलं, आणि ती बरी झाल्यावर ते तुमच्याकडेच राहिलं का? आलेली सगळी उत्तरं छापली आहेत.