नोंद आधी, निवाडा नंतर

तालुक्याच्या महाविद्यालयातील बास्केटबॉलचा सामना पाहायला सहसा कोणी येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात मराठी शिकवणारे आम्ही काही प्राध्यापक मात्र असाच एक आंतरमहाविद्यालयीन सामना पाहायला गेलो होतो. आमच्या मुलींचा संघ पाच जणींचाच होता. कापूस वेचणीचे दिवस असल्याने बाकीच्या घरी अडकल्या होत्या. तिसऱ्या सत्रात एकीचे पाच फाऊल भरले, ती बाहेर बसली, आणि उरलेल्या चौघींनी सामना शेवटपर्यंत खेळून काढला. त्या हरल्या. वर्तमानपत्रात ओळही आली नाही. पण टेबलाशी बसलेल्या गुणलेखकाने प्रत्येक बास्केट, प्रत्येक फ्री थ्रो आणि प्रत्येक फाऊल जिच्या तिच्या नावावर लिहून ठेवला होता. हा सामना लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे काय, असा प्रश्न त्याला पडला नाही.

मराठी समीक्षेला हा प्रश्न पदोपदी पडतो, आणि त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. त्या चौघींपैकी एक आमच्याकडे एम.ए.ला होती. लघुप्रबंधासाठी तिने नारायण धारपांच्या भयकथांचा विषय आणला. ‘विषय गंभीर नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवण्यात आला. शेरा आमचाच होता. त्याच वर्षी ग्रंथालयाने निर्लेखनाची यादी काढली. तीत धारपांची आणि बाबूराव अर्नाळकरांची फाटकी पुस्तके होती. त्या यादीवर आमच्या विभागाची सही आहे. तेव्हा पुढील फिर्यादीत आरोपींमध्ये आमचेही नाव धरावे.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या नादाने कित्येकांना वाचनाची गोडी लागली. तरीही आम्ही वर्गात अर्नाळकरांचा उल्लेख करतो तो आकड्यापुरता, जणू काही हा वाङ्मयाचा नसून विक्रमांच्या नोंदवहीचा विषय आहे. त्यांची वाक्ये कशी चालतात, मुंबईचे कोणते रूप त्यांनी गावोगावच्या वाचकांच्या मनात उभे केले, हे आम्ही विचारलेले नाही. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचीही हीच गत. मराठी आवृत्तीत फँटमचा ‘वेताळ’ झाला. गावाच्या वेशीवर ज्याला शेंदूर लावतात, त्या दैवताचे नाव आफ्रिकेच्या कल्पित जंगलातील एका गोऱ्या बुरखाधाऱ्याला मिळाले आणि पोरांनी ते बिनतक्रार स्वीकारले. भाषांतरमीमांसेच्या तासाला याहून बोलके उदाहरण कोणते मिळेल? तरी आम्ही वर्षानुवर्षे तीच ती उदाहरणे उगाळत राहिलो.

आम्ही ज्यांची दखल घेत नाही, त्यांचे काम मात्र आमच्यावाचून अडत नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की, १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची एक कथा ऐकवली. विदर्भाच्या जंगलात तोंडी सांगितलेल्या त्या कथेतून पुढे ‘तुंबाड’ उभा राहिला. २०१८ साली व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला, आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांचे फुटबॉल संघ बांधले. त्यांच्या कामावर नागराज मंजुळे यांनी २०२२ साली ‘झुंड’ काढला. दोन्ही चित्रपट हिंदीत झाले. एकाचे मूळ मराठी कथेत होते, दुसऱ्याचे विदर्भातल्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर. आणि या दोन्ही ठिकाणी मराठीच्या प्राध्यापकाचे जाणे-येणे नव्हते.

मैदानाविषयीचे हे अज्ञान जुने आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. उघड्या मैदानावर, भर पावसात, चिखलात अंतिम सामना झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. १८९१ साली हा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ तेथे हजर होते. त्याच बर्लिनमध्ये त्याच वर्षी आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. दोन खेळांच्या या योगायोगात एका कादंबरीचे बीज आहे, हे आम्ही आजवर एकाही विद्यार्थ्याला सांगितलेले नाही.

अशा बीजाचे काय होऊ शकते, हे जपानकडे पाहून कळते. ताकेहिको इनोउए यांची ‘स्लॅम डंक’ ही चित्रमालिका १९९० ते १९९६ या काळात निघाली. तिच्यात शाळेचा एक साधा बास्केटबॉल संघ विजेत्या संघाला हरवतो आणि पुढच्याच सामन्यात स्वतः हरून बाहेर पडतो. ती हार रंगवलेली नाही. थोडक्यात सांगून टाकली आहे. विजयासाठी शेकडो पाने आणि पराभवासाठी मोजके शब्द, या प्रमाणातच त्या कथेचा सगळा विचार सामावलेला आहे. निवेदनतंत्र शिकवताना आम्ही हे उदाहरण घेतले असते, तर बास्केटबॉल खेळून घामेजल्या अंगाने वर्गात आलेली मुलगी मागच्या बाकावर गप्प बसली नसती.

यावर आमचे सहकारी विचारतील, ‘मग दर्जाचे काय?’ आक्षेप रास्त आहे. अर्नाळकरांची प्रत्येक कथा थोर आहे असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळशा सामान्य असतील, काही टाकाऊही असतील. पण हा निवाडा वाचून द्यायचा असतो. न वाचता दिलेल्या निवाड्याला अभिरुची म्हणत नाहीत, आळस म्हणतात. १९७३ साली यवतमाळला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. चित्रपटांची गीते आणि पटकथा लिहिणाऱ्या माणसाला ज्या गावाने त्या आसनावर पाहिले, त्या गावाने तरी चित्रपट, चित्रकथा आणि रहस्यकथा यांना वर्गाच्या दाराबाहेर उभे करू नये.

आमचे मागणे मोठे नाही. विभागाने सूची केल्याशिवाय एकही लोकप्रिय कादंबरी वा चित्रकथा रद्दीत जाऊ नये. पदव्युत्तर वर्गाच्या एका अभ्यासपत्रिकेत तरी या वाङ्मयाला जागा असावी. आणि विद्यार्थ्याने आणलेला विषय निदान एक पुस्तक वाचून झाल्यावर नाकारावा. गुणलेखक जेवढे करतो तेवढेच आम्ही करावे: आधी नोंद, मग निवाडा.

त्या मुलीचा विषय आम्ही या सत्रात मंजूर केला आहे. निर्लेखनाच्या यादीतील पुस्तके मात्र तोवर किलोच्या भावाने गेली होती. आता ती सुटीच्या दिवशी एसटीने नागपूरला जाते आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धारप शोधते. आमच्या ग्रंथालयात कालपरवापर्यंत असलेली पुस्तके ती पदरचे पैसे घालून परत आणते आहे.