वहीत आहे, तिजोरीत नाही!

२४ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या शाखांपुढे जी गर्दी लोटली, ती मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्ग अद्याप विसरलेला नाही. आदल्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले होते आणि प्रत्येक ठेवीदारास सहा महिन्यांत मिळून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा ठेवली होती. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली हे खरे. परंतु ज्याने निवृत्तीची सारी पुंजी तेथे ठेवली होती त्याला, आणि ज्या गृहनिर्माण संस्थेने इमारतीच्या दुरुस्तीचा निधी तेथे सुरक्षित मानला होता तिला, त्या वाढीव आकड्यांचे काय कौतुक? भांडुप येथे मुख्यालय असलेल्या या बँकेच्या १३७ शाखा होत्या आणि ठेवी ११ हजार कोटींच्या वर होत्या. त्याच वर्षाच्या मार्चअखेरच्या ताळेबंदात सुमारे शंभर कोटींचा नफा दाखविलेला होता आणि थकीत कर्जांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी होते. कागदावर बँक धडधाकट होती. प्रत्यक्षात ती आतून पोखरलेली होती.

ही गोष्ट आज पुन्हा उकरून काढण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, या प्रकरणाची चर्चा झाली ती कर्जे, बिल्डर आणि अटका यांच्याविषयी. त्यातील खरा धडा मात्र बाजूस राहिला. तो धडा माहितीच्या व्यवस्थेविषयीचा आहे. एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे बँकेचे साडेसहा हजार कोटींच्या आसपास रुपये, म्हणजे एकूण कर्जाच्या सुमारे ७३ टक्के, अडकले होते. ही कर्जे ४४ खात्यांत होती. पोलिसांत दाखल झालेल्या तक्रारीप्रमाणे, ती लपविण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखविण्यात आली. आणि ती खाती बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत नव्हतीच, रिझर्व्ह बँकेस सादर करावयाच्या कर्जांच्या तक्त्यात तेवढी ती होती! खऱ्या खात्यांवर पडदा होता व तो उघडण्याचा अधिकार मूठभर कर्मचाऱ्यांपुरता राखलेला होता. खुद्द व्यवस्थापकीय संचालकांनीच रिझर्व्ह बँकेस पत्र लिहून या लपवाछपवीची कबुली दिली. न्यायालयाचा निर्णय काय लागावयाचा तो लागो. परंतु यंत्र एक सांगत होते आणि निरीक्षकाच्या हाती दुसरेच दिले जात होते, एवढे स्पष्ट आहे.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. शिक्षण निरीक्षक येणार असले की हजेरीपटावर कशी झळाळी येते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. पटावर पन्नास मुले, वर्गात एक्केचाळीस; आणि तरीही सहीच्या वेळी कोणास काही वावगे वाटत नसे. फरक इतकाच की, त्या नऊ मुलांच्या खोट्या हजेरीने कोणाची ठेव बुडत नव्हती. बँकेचा हजेरीपट खोटा निघाला म्हणजे म्हातारपण उघडे पडते.

आधुनिक उद्योगधंद्यात माहितीचे स्थान काय, याची आपल्याकडील जाण अजून फार तोकडी आहे. संगणक म्हणजे कारकुनाचे काम झटपट उरकणारे यंत्र, असे अनेक संचालक मंडळांना वाटते. त्यामुळे यंत्र कोणते घ्यावे हे ठरविण्याचे काम खरेदी विभागाकडे जाते आणि यंत्रातून बाहेर काय पडते, याकडे पाहण्यास कोणी उरत नाही. वस्तुतः माहितीची व्यवस्था ही धंद्याच्या धोरणाचा गाभा आहे. याचे उत्तम उदाहरण मुंबईनेच पाहिले आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात दलाल प्रत्यक्ष ओरडून सौदे करीत. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने शेअरांचे व्यवहार पडद्यावर सुरू केले. भाव, प्रमाण, वेळ, सारे एकाच वेळी सर्व दलालांपुढे दिसू लागले. मुंबई शेअर बाजाराने मार्च १९९५ मध्ये स्वतःची पडद्यावरील व्यवस्था आणली; तथापि वर्षभराच्या आत नवा बाजार उलाढालीत जुन्याच्या पुढे निघून गेला. शंभर वर्षांहून अधिक काळाची पुण्याई माहितीच्या एका नव्या व्यवस्थेपुढे टिकाव धरू शकली नाही. हे केवळ कारकुनीचे काम असते, तर असे घडले असते काय?

ज्या शस्त्राने धंदा वाढतो, त्याच शस्त्राने तो मरतोही. ऑगस्ट २०१८ मध्ये, १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला, तेव्हा एकाही दरोडेखोराने बँकेच्या दारात पाऊल ठेवले नव्हते. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या वाटेत चोरट्यांनी स्वतःची तोतया यंत्रणा बसविली. नकली कार्डांची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. वाटेतच 'मंजूर' असे उत्तर मिळत गेले. काही तासांत २८ देशांतून पैसे काढले गेले, पाठोपाठ हाँगकाँगला रक्कम वळविण्यात आली आणि बँकेचे एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. येथेही मर्म तेच. खरी वही एकीकडे राहिली आणि निर्णय दुसऱ्याच वहीवर झाला.

आणि नुकतेच आणखी एक उदाहरण आपल्या दारात घडले. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि अंधेरीसह उपनगरांत पुन्हा त्याच रांगा, तेच रडवेले चेहरे दिसले. प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांत जी रोकड असावयास हवी होती, तीतून १२२ कोटी रुपये कमी भरले. वहीत रक्कम होती, तिजोरीत नव्हती. ही चोरी शोधावयास कोणतेही गहन गणित लागणार नव्हते. नोटा मोजावयाच्या होत्या, इतकेच! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदार सुटले. पंजाब-महाराष्ट्र बँकेच्या मोठ्या ठेवीदारांचे दैव इतके अनुकूल नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली खरी. पण पाच लाखांवरील ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबविण्यात आली. सत्तरीच्या गृहस्थाला दहा वर्षांचा वायदा देणे याला परतफेड म्हणावे की थट्टा?

यावर काही जण म्हणतात की, यंत्रे आली आणि घोटाळे वाढले. आमची जुनी चोपडीच बरी. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. जुन्या काळीही एक वही दुकानात असे आणि दुसरी घरात. यंत्राने लबाडी शिकविली नाही. उलट, भांडुपच्या प्रकरणात लबाडीला यंत्राबाहेर पडून तक्ता बनवावा लागला, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा उपाय यंत्र कमी करण्याचा नसून यंत्र आणि निरीक्षक यांच्यामधला माणसाचा हात काढून टाकण्याचा आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. नियामकाकडे जाणारा प्रत्येक तक्ता मुख्य प्रणालीतून थेट निघाला पाहिजे. मध्ये कोणी आकडा टाईप करता कामा नये. ज्या खात्यांवर विशेष पडदा आहे, अशा खात्यांची यादी दर महिन्यास संचालक मंडळापुढे व लेखापरीक्षकापुढे आली पाहिजे. जो नोंद करतो त्यानेच ती मंजूर करू नये. तिजोरीची मोजणी न कळविता, बाहेरच्या माणसाकडून व्हावी. माहितीच्या सुरक्षिततेचा अधिकारी व्यवस्थापकीय संचालकास नव्हे, तर संचालक मंडळास जबाबदार असावा. आणि त्या मंडळात निदान एक तरी मनुष्य असा असावा की ज्यास हे शास्त्र समजते. सहकारी बँका लहान असतात, त्यांना हा खर्च झेपत नाही, ही सबब आता चालणार नाही. नागरी सहकारी बँकांना सामायिक तंत्रज्ञान पुरविण्याचेही कार्य असलेली शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये उभी राहिली आहे. तिचा उपयोग करून घेणे बँकांच्या हाती आहे.

२०२० च्या दुरुस्ती कायद्याने रिझर्व्ह बँकेस सहकारी बँकांवर अधिक अधिकार मिळाले आणि ठेवींचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु विमा हा घर जळाल्यानंतरचा दिलासा आहे. शिवाय सहकारात एक विसंगती अशी की, ज्याच्या ठेवींवर बँक चालते तो ठेवीदार सभासद नसेल तर त्यास सभेत मत नाही. म्हणून जे सभासद आहेत, त्यांनी तरी वार्षिक सभेत लाभांशाचा टक्का आणि अल्पोपाहार यांपलीकडे जाऊन विचारावे की, रिझर्व्ह बँकेस गेलेला तक्ता कोणी तयार केला आणि तिजोरी शेवटची कोणी मोजली?

या शहरात माहितीच्या व्यवस्थेचा एक धडा शतकाहून अधिक काळ रोज गिरविला जात आहे. बोरिवलीच्या, मुलुंडच्या, घाटकोपरच्या स्वयंपाकघरांतून निघालेला डबा झाकणावरच्या चार अक्षरांच्या आणि रंगांच्या खुणेने फोर्टातल्या नेमक्या इमारतीच्या नेमक्या मजल्यावर जातो. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेल्या या कामाला दीर्घकाळ ना संगणक लागला, ना तक्ता. त्या खुणेवर लोकांचा विश्वास बसला, कारण ती रोज दुपारी एक वाजता तपासली जाते. खूण चुकली तर भुकेला माणूस लगेच ओरडतो. बँकेच्या वहीतील खूण मात्र वर्षानुवर्षे चुकीची राहू शकते, कारण ती तपासणारा भुकेला नसतो. ठेवीदारांनी आणि सभासदांनी आता तो भुकेला माणूस व्हावे, एवढीच आमची त्यांना विनंती आहे. रांग लागल्यावर ओरडून उपयोग नाही. ओरडण्याची वेळ सभेची आहे.